झोपलेली टिंबं

अक्का, तुझ्या तेराव्याला बिरादार सर आले होते. नौबादहून कमलनगरपर्यंत बस मिळाली, पुढं जीप मिळाली नाही, म्हणून फाट्यावरून चालत आले. ओसरीवर बसले, चहा नको म्हणाले, मग घेतला. चार माणसं बोलतात तसंच तेही बोलले. जाता जाता माझ्याजवळ थांबले आणि हळूच म्हणाले, “शकूताई, ते लाकडी खोडरबर अजून चांगलं हाय का? का नवं आणू? आता तुमचं तुम्हालाच बघावं लागंल मनून विचारलं.”

“कुठलं खोडरबर, सर?”

“अहो, ब्रेलचं. चुकलेलं टिंब दाबून बसवायचं. तुम्हीच मागितलं होतं की. अक्कांच्या हातात दिलेलं मी. लई वर्षं झाली.”

मी म्हणाले, “हां, ते व्हय. हाय की. चांगलं हाय.”

तुझ्या फोटोला हार घातलेला होता, त्याचा वास माझ्यापर्यंत येत होता, आणि त्या वासात बसून मी तुझ्यासाठी खोटं बोलले. तुझी लाज राखायला. सर गेले. बायका जेवायला बसल्या. मी भिंतीला टेकून बसून राहिले आणि सगळ्यांना वाटलं, शकू जावेच्या दुःखानं गप्प झालीय.

दुःख होतंच. पण त्या घटकेला मला तुझा राग आला होता. इतका की तू समोर असतीस तर आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याशी भांडले असते. जावा-जावांची भांडणं अख्खं गाव ऐकतं. आपलं कधी झालंच नाही, म्हणून आपलं गावात कौतुक होतं. आज वाटतं, एकदा तरी कडाकडा भांडायला हवं होतं. भांडणात माणूस खरं बोलून जातं.

हे मी ब्रेलरवर लिहितेय. मग सर साध्या अक्षरांत उतरवून घेणार. म्हणजे त्यांनाही सगळं कळणार. कळू दे.

या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा मला दिसत होतं. तुझा चेहरा मी पाहिलाय, हे माझं केवढं नशीब, ते तुला कधी सांगितलं नाही. नाकात मोरणी, हनुवटीवर गोंदण, आणि बोलताना एक भुवई वर. काचबिंदूनं माझी नजर कडेकडेनं खाल्ली, तेव्हा शेवटी शेवटी मधलं एवढंसं उरलं होतं, त्यात तुझी ती भुवई असायची. मग तेही गेलं. पाव्हणे जमले. कुणीतरी म्हणालं, हिला काही दिवस माहेरी सोडा, इथं चुलीजवळ भाजून घेईल. ‘काही दिवस’ म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. हे खाली मान घालून बसले असतील, यांचा आवाजच आला नाही. तू परातीत पीठ मळत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, “कुठं सोडायलाव तिला? भाकड गाय हाय का ती? माझ्याजवळ ऱ्हाईल.”

विषय संपला. तोपर्यंत मी तुला ‘अहो अक्का’ म्हणायची. पण तू माझं डोकं धुवायला लागलीस, साडीच्या निऱ्या घालून द्यायला लागलीस, आणि ‘तुम्ही’ कधी गळून पडलं ते दोघींनाही कळलं नाही.

आधी हे लिहून ठेवते. पुढं जे लिहायचंय त्यात हे बुडून जायला नको.

कलबुर्गीच्या शिबिराची आठवण आहे ना? मला ब्रेल शिकायचं होतं आणि सोबत कोण जाणार म्हणून घरात सगळ्यांना कामं निघाली, तेव्हा तूच पिशवी भरलीस. तुझं माहेर मादन हिप्परगा, तुला कन्नड पाण्यासारखं यायचं. शिकवणारे सर कन्नडमधून सांगायचे, तू माझ्या कानाशी मराठी करायचीस, आणि त्यात आपलं पदरचं घालायचीस. सहा टिंबांचं एक घर. त्यातली कुठली उठली, कुठली बसली, त्यावर अक्षर. सर म्हणाले, कन्नड ‘क’ला आणि मराठी ‘क’ला टिंबं एकच, बोटाला फरक नाही. तू ते मला सांगितलंस आणि एकदम मोठ्यानं हसलीस. “म्हंजे बघ शके, पाट्यांवरून एवढी भांडणं होतेत, ती सगळी डोळेवाल्यांचीच म्हण की!” सरांनी काय झालं विचारलं. तू त्यांनाही कन्नडमधून सांगितलंस. तेही हसले.

त्याच शिबिरात मी विचारलं होतं, चुकलं तर? सरांनी सांगितलं, टिंब वाढवता येतं, कमी करता येत नाही. ‘र’च्या जागी ‘ल’ पडला तर एक टिंब वाढवून निभावतं. ‘ल’च्या जागी ‘र’ पडला तर एक टिंब जास्तीचं झालं, ते परत कागदात जात नाही. मग त्यावर सहाच्या सहा टिंबं ठोकायची. वाचणाऱ्याच्या बोटाला कळतं, इथं कुणीतरी चुकलंय, आणि ते पुढं जातं. तू भाषांतर केलंस, “चुकीवर झाकण ठेवायचं म्हणतेत.”

तू माझ्याबरोबर शिकलीस, पण डोळ्यांनी. पान उजेडात तिरकं धरायचीस आणि टिंबांच्या सावल्या वाचायचीस. मी चिडवायची, “अक्का, तू आंधळ्याचं लिहिणं डोळ्यांनी वाचायलीस. हे म्हंजे कानानं जेवल्यागत हाय.” तू म्हणायचीस, “माझ्या बोटाला घट्टे पडलेत बाई, खुरप्याचे. मला टिंब लागंना.”

मग बिरादार सर भेटले, गावोगाव फिरून आंधळ्या पोरांना शिकवणारे. त्यांनी कुठूनसा जुना ब्रेलर आणून दिला, टिंबं टाइप करायचं यंत्र. सहा कळा, मधे जागा सोडायची कळ, एक मागं न्यायची. मागं नेते फक्त, पुसत काही नाही. सीमेवरच्या गावांत मराठी शाळेत जाणाऱ्या आंधळ्या पोरांना मराठी पुस्तकं ब्रेलमध्ये कुठून मिळणार? इकडचे म्हणतात तिकडून आणा, तिकडचे म्हणतात तुम्ही आमचे नाही. म्हणून सर म्हणाले, ताई, तुम्ही करा.

आणि आपलं दुकान सुरू झालं. दुपारची भांडी झाली की तू पुस्तक घेऊन खिडकीशी, मी ब्रेलरसमोर. तुला सरळ वाचायला कधी जमलंच नाही. “‘मग कोल्हा म्हणाला’, स्वल्पविराम, हे कोल्हं लई आगाव हाय शके, पुढं मार खातंय बघ...” मी ओरडायची, “गोष्ट फोडू नको ग!” पान झालं की मी काढून द्यायची, तू उजेडात धरायचीस, बराच वेळ शांतता. मग तुझं ते ठरलेलं, “एकबी चूक न्हाई, शके.”

एकबी चूक न्हाई. या तीन शब्दांवर मी उभी राहिले, अक्का. स्वयंपाक माझ्या हातून सुटला होता, शेत सुटलं होतं, बाजार सुटला होता. रस्त्यानं जाताना बायका ‘बिचारी’ म्हणायच्या ते मला ऐकू जायचं. पण भालकी-औरादकडच्या कुठल्याशा गावात एक पोर माझं पान वाचतंय आणि त्यात एकही चूक नाही, हे माझं होतं. कुणी दयेनं दिलेलं नव्हतं. माझं टाइप मोटारीसारखं पळायचं, वाचणं मात्र बैलगाडीचं. वयात आल्यावर शिकले ना. म्हणून मी माझं पान परत वाचायची नाही. तू म्हणायचीस, “कशाला वेळ घालवतीस? तू हान पुढं, मी बघते.”

तरी कधीकधी बोट सरकल्याचं कळायचं. मग एकदा मी तुला म्हणाले, अक्का, सरांना विचार, चुकलेलं टिंब पुसायचं काही साधन असतं का, माझं मला वापरता येईल असं. तू कमलनगरला सरांकडं पानं द्यायला गेली होतीस. संध्याकाळी आलीस, पाणी प्यालीस आणि म्हणालीस, “विचारलं. असतंय म्हणे एक. पण त्याला डोळे लागतेत.”

मी म्हणाले, बरं.

पुढं सरांनी स्वतःच सांगितलं, आता संगणकाला जोडायची पट्टी येते, बोटाखाली टिंबं उठतात, चुकलं की लगेच खोडता येतं. फोनच्या काचेवरसुद्धा सहा बोटांनी लिहिता येतं, बोट डावीकडं ओढलं की अक्षर गायब. मला ते ऐकून रात्रभर… नाही, उगीच वाढवून सांगत नाही. मला ते हवं होतं, एवढंच. तू म्हणालीस, “मी असताना यंत्र कशाला? आन् पोरांला कागद लागतोय. तुझ्या फोनमधलं अक्षर त्यांच्या दप्तरात कसं जाईल?” कागदाचं तुझं खरं होतं. म्हणून पहिलं वाक्य मी सोडून दिलं. तेच धरायला हवं होतं.

आता माझं सांगते.

मला माहीत होतं, अक्का. सरांनी सांगायच्या खूप आधीपासून. खोडरबराचं नव्हतं माहीत. बाकी सगळं माहीत होतं.

भाग्याचं एक पुस्तक शिवण उसवली म्हणून परत आलं होतं. भाग्या म्हणजे सरांकडं ब्रेल शिकणारी ती हुशार पोरगी, फोन केला की सोडत नाही ती. दाभण-दोरा आणायला तू दुकानात गेलीस आणि मी सहज पानावर बोट ठेवलं. माझंच लिहिलेलं. एका अक्षराशी बोट अडलं. टिंब नव्हतं, पण टिंबाची जागा होती. ब्रेलचा कागद खरखरीत असतो, तिथं मात्र गुळगुळीत लागलं, आणि मधे किंचित फुगवटा. वळ उठून बसल्यावर कातडी लागते तसं. पुढच्या ओळीत पुन्हा. पान उलटलं, तिथंही. अगदी पुस्तकभर.

डोळ्यांना ते दिसत नाही, अक्का. उजेडात धरलं तर सावली पडत नाही, म्हणून तुला वाटलं गेलं. पण बोटाला ते कळतं. तू ज्यांच्यासाठी पुसत होतीस त्या प्रत्येकाला कळणार होतं. फक्त तुला कळणार नव्हतं.

तू दोरा घेऊन आलीस. “काय बघायलीस?” म्हणालीस. मी म्हणाले, “काही न्हाई, कुठं उसवलंय ते.”

तू दुरुस्ती केलीस याचं मला काही वाटलं नाही. चुका त्यासाठीच असतात. पण रोज माझ्या तोंडावर ‘एकबी चूक न्हाई’ म्हणायचीस ना, ते. माझी एकुलती एक गोष्ट खरी नव्हती. तिच्यातही दया होती, आणि ती तू घातली होतीस, जिनं मला भाकड गाय म्हणू दिलं नाही तिनं. रस्त्यावरच्या बायका निदान माझ्या कानावर पडेल अशा बोलायच्या.

तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. माझा स्वभाव तुला माहीत. मी वाट बघत बसले की तूच सांगशील. तू सांगेनास, तेव्हा मी तुझी परीक्षा घ्यायला लागले. मुद्दाम चुकायची. चांगलं जुळलेलं अक्षर असायचं आणि मी उजव्या हाताचं मधलं बोट जास्तीचं दाबायची. पान तुझ्याकडं द्यायची आणि कान लावून बसायची. शांतता. साडीची सळसळ. कागदावर काहीतरी घासल्याचा बारीक आवाज. मला वाटायचं चमचा असेल. मग, “एकबी चूक न्हाई.”

“खरं?”

“खोटं कामून बोलू?”

“बरं झालं बाई,” मी हसायची. गोड हसायची. किती दिवस चाललं हे? दिवस नाही म्हणता येत, वर्षं. आपण दोघी समोरासमोर बसून एकमेकींना फसवत होतो, आणि त्यातून पोरांची पुस्तकं होत होती. बाहेरून बघणारे म्हणायचे, जावा असाव्यात तर अशा.

गेल्या उन्हाळ्यात लग्नाच्या गोष्टीत मी ‘लाडू’तला ‘ल’ मुद्दाम बिघडवला. तू म्हणालीस, एकबी न्हाई. पानं गेली. काही दिवसांनी यांच्या फोनवर भाग्याचा फोन.

“काकू, राडू म्हंजे काय वो?”

“काय?”

“नवरीला राडू भरवला लिवलंय. खायचं असतंय का काय?”

मी हसले. ती पण हसली. फोन ठेवला आणि मी ती दुपार परत आठवून बघितली. घासल्याचा आवाज त्या दुपारीही आला होता. म्हणजे तू काहीतरी दाबलं होतंस. पण हे तुला दिसलं नव्हतं.

मग तुझ्या नजरेतून सुटलेल्या चुका मोजायच्या भानगडीत न पडता मी कान उघडे ठेवले. भातात खडे यायला लागले होते. सुई ओवायला तू शेजारच्या पोरीला हाक मारायला लागली होतीस. खिडकीशी बसायचीस ती आता दारात, अगदी उंबऱ्यावर येऊन बसायचीस, उजेड जास्त म्हणून. वाचताना मधेच थांबून ‘खोकला आला’ म्हणायचीस आणि खोकायची नाहीस. अक्का, डोळे कसे जातात हे या घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? माणूस आधी दिवा बदलतं, मग जागा बदलतं, मग सबबी बदलतं. मी हे सगळं तुझ्या आधी करून बसले होते. तुझा मोतीबिंदू असावा. साधं काम होतं. काचबिंदूसारखं नव्हे. तुझा हात धरून दवाखान्यात नेलं असतं तर तू परत माझ्या टिंबांच्या सावल्या बघितल्या असत्यास.

मी बोलले नाही. बोलले असते तर तुला कसं कळलं म्हणून तू विचारलं असतंस. मग राडू निघाला असता, मग बाकीचं सगळं. आणि खरं सांगू का? त्याहून वाईट आहे ते. मला वाटलं, सांगू दे तिला. माझं तिनं लपवलं, आता तिचं ती सांगू दे. एकदा तरी तिनं येऊन म्हणावं, शके, मला दिसंना झालंय.

तू आली नाहीस. सोयाबीन काढायच्या दिवसांत तू पानांची पिशवी घेऊन कमलनगरला गेलीस. स्टँडसमोर नालीचं काम चाललं होतं, वर फरशी नव्हती. तू पडलीस. मांडीचं हाड मोडलं, बीदरला नेलं, मग ताप छातीत उतरला. दवाखान्यात मी तुझ्या पायथ्याशी बसायची. तू ग्लानीत होतीस, मधेच म्हणालीस, “पाय घसरला ग, शके.”

भेटायला येणारे म्हणायचे, कंत्राटदाराला धरलं पाहिजे, फरशी नको का टाकायला? हे पण तेच म्हणायचे. मी मान हलवायची. तुला ती नाली दिसली नव्हती हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं. तू पाय म्हणालीस. मी तुझा पाय चेपत राहिले.

चुकीवर झाकण ठेवायचं म्हणतेत.

तेराव्यानंतर सरांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. मी तुझी खोली शोधायला लागले. उतरंड, गाठोडी, देवाची फळी, फळीखालचा डबा. यांनी विचारलं, “काय हुडकायलीस?” मी म्हणाले, “अक्काची सुई.” शेवटी तुझी फणेरपेटी. भाऊजी गेल्यापासून तू ती उघडत नाहीस असं आम्ही धरून चाललो होतो, म्हणून पोरीबाळीही तिला हात लावायच्या नाहीत. लपवायला यापरीस चांगली जागा घरात नव्हती. झाकणाला धूळ नव्हती. आत कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, मोडकी फणी, आणि फणीखाली ते.

पेन्सिलीएवढं लाकूड. एका बाजूला धरायला खाच. नव्याचं टोक बोथट आणि गोल असतं, हे मी फोनवर सरांना आडून विचारून घेतलं होतं. हे गोल नव्हतं. एका अंगानं तिरकं झिजलं होतं, तुझा हात जसा पडायचा तसं, आणि इतकं गुळगुळीत झालं होतं की काच वाटावी. अक्का, लाकूड कागदावर घासून किती झिजतं? माझ्या किती चुका लागल्या असतील त्याला? आणि त्यातल्या कितीतरी मी मुद्दाम केलेल्या.

मी पेटीशी बसून रडले. रागानं का कशानं, मला अजून सांगता येत नाही.

मग ब्रेलरवर एक रद्दी कागद चढवला, चार अक्षरं मुद्दाम चुकवली, आणि डाव्या बोटानं टिंब धरून उजव्या हातानं त्यावर ते टोक टेकवलं, दाबलं, फिरवलं. टिंब बसलं. पहिल्याच झटक्यात. पुन्हा केलं. पुन्हा बसलं. बोट बरोबर जागेवर नेतं, बोटच सांगतं बसलं का नाही. कुठले डोळे लागतात याला, अक्का? उलट डोळ्यांनीच ते नीट होत नाही. अर्धवट राहतं. तू केलेलं सगळं अर्धवट आहे.

तू खोटं का बोललीस? मी सगळ्या बाजूंनी विचार केला. कधी वाटतं, तुला माझं मन मोडायचं नव्हतं. कधी वाटतं, तुझ्या अपंग जावेला तुझी गरज संपली असती तर दुपारी भांडी झाल्यावर तू कुठं बसली असतीस? भाऊजी नव्हते. पोरं तुला झाली नव्हती. सून होऊन आलीस ती चुलीपाशी, आणि वर्षानुवर्षांनी तुझ्या हातात पुस्तक आलं, खिडकी आली, कोल्ह्याला शिव्या द्यायला मिळाल्या. ते लाकूड माझ्या हातात दिलं असतंस तर ते सगळं द्यावं लागलं असतं, असं तुला वाटलं असेल. नसतं द्यावं लागलं ग. मी तुला खिडकीतून उठवलं नसतं. पण हे तू मला विचारलं नाहीस, आणि मी तुला सांगितलं नाही.

काल भाग्याचा फोन आला. आधी रडली. मग नाक ओढत म्हणाली, “काकू, आता झोपलेली टिंबं कोण करणार?”

“कसली टिंबं?”

“तुमच्या पुस्तकात असतेत की. उठलेली वाचायची, झोपलेली सोडून द्यायची. दुसऱ्या पुस्तकात नसतेत. आम्ही सगळी त्यांला झोपलेली म्हणतो. सर म्हणले, अक्का झोपवायच्या.”

मला हसू आलं अक्का, आणि ते थांबेना. तू पेटीत लपवलंस, मी मनात लपवलं, आणि सीमेवरच्या गावागावांतली पोरं बोटानं सगळं वाचून बसली होती. माझ्या चुकाही, तुझा हातही. त्यांनी त्याला नावसुद्धा ठेवलं होतं. फसलो होतो त्या आपण दोघीच.

मी भाग्याला म्हणाले, “राडूचं पान आहे का तुझ्याकडं? सरांकडं दे.” ती म्हणाली, “कशाला? आमी आता लाडूला राडूच म्हणतो.” तरी तिनं दिलं. सर आज सकाळी देऊन गेले. पुढचं पुस्तकही देऊन गेले. फोन पानाचा फोटो काढून वाचून दाखवतो, तेही शिकवून गेले. फोन चांगलं वाचतो. कोल्ह्याला शिव्या देत नाही.

राडूचं पान समोर घेतलं. ती ओळ सापडली. ‘र’वर बोट ठेवलं, जास्तीचं टिंब हुडकलं, आणि तुझ्या लाकडाच्या त्या झिजलेल्या अंगानं दाबलं. माझा हात वेगळा पडतो, म्हणून ते आधी नीट टेकलं नाही. थोडं फिरवावं लागलं. मग बसलं. बोट फिरवलं. लाडू झाला होता. आणि त्याच्यात टिंब झोपलेलं होतं, गेलेलं नव्हतं.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. ते खोटं होईल, आणि खोटं आता पुरे. तूही मला माफ केलंस असं मी समजणार नाही. तुझे डोळे जाताना मी ऐकत बसले होते.

फणेरपेटी परत ठेवली, कुंकवाचा करंडा, फणी, सगळं होतं तसं. खोडरबर मात्र ठेवलं नाही. ते आता ब्रेलरच्या उजव्या बाजूला, उघड्यावर असतं. कुणीही यावं आणि विचारावं, हे काय आहे. मी सांगेन.